राखेतलं हेड

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलायचे. भांडण असायचंच असं नाही, पण घराच्या भिंतीला लागून इंजिन होतं, आणि ते सुरू असताना हळू बोललेलं कोणाच्या कानापर्यंत पोचायचं नाही. त्यामुळे ‘मीठ दे’ हेसुद्धा आम्ही ओरडून सांगायचो. पुढे नर्सिंगला गेले तेव्हा होस्टेलच्या मुली पहिले काही दिवस मला घाबरून असायच्या. त्यांना वाटायचं, ही पोरगी सारखी कोणावर तरी चिडलेली आहे. चिडलेली तर मी होतेच, पण त्यांच्यावर नव्हते. सकाळी पेज पिऊन बाबा आणि दादा गिरणीत जायचे, दादा हॅन्डल मारायचा, आणि मग फळीवरची भांडी, पितळी गुंडातलं पाणी, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर असं सगळं बारीक थरथरायला लागायचं ते दुपारच्या जेवणापर्यंत. कोंढा इतका उडायचा की मायच्या केसांचा खरा रंग आम्हाला फक्त तिनं डोकं धुतल्यावर दिसायचा. लाखोरीच्या डाळीत, झिंग्यांच्या चटणीत, अंथरुणात, माझ्या वह्यांत, सगळीकडे कोंढा. चिन्नोर ह्या आमच्याकडच्या वासाच्या वाणाचं धान हलरमध्ये पडलं की वास पार सडकेपर्यंत जायचा आणि येणारे जाणारे क्षणभर थांबायचे. तो वास मला आजही येतो, म्हणजे आल्यासारखं वाटतं. इथे भंडाऱ्यात माझी सून पिशवीतला तांदूळ आणते. पांढरा शुभ्र असतो, पण वास म्हणाल तर कशाचाच नाही.

गाव आमचं नाकाडोंगरी आणि आंबागडच्या मधलं. घरात चौघं. बाबा, माय, मिलिंददादा आणि मी, वैशाली. मी तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्गांत होते आणि दादा विशीच्या आत-बाहेर. गिरणी म्हणजे एक टिनाचं शेड, त्यात धान भरडायचा हलर, आणि त्याला पट्ट्यानं जोडलेलं एका सिलिंडरचं, मोठ्या चाकाचं डिझेल इंजिन. आमच्या वस्तीत कोणाच्या मालकीचं असलेलं हे पहिलं इंजिन होतं. दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी बाबा ते राकेलनं धुऊन काढायचे आणि निळा ऑइलपेंट मारायचे. रंगावर रंग चढून इंजिन चांगलंच जाडजूड झालं होतं. दादा म्हणायचा, “लोखंड कमी अन् रंगच जास्त होऊन राहिला.” बाबा त्याच्याकडे लक्ष द्यायचे नाहीत.

बाबांचा एकच नियम होता. आपल्या दारी आलेलं धान भरडल्याशिवाय परत जायचं नाही. लहानपणी ते आपल्या आईबरोबर दुसऱ्या गावच्या गिरणीत जायचे, तेव्हा आमच्या लोकांचं धान सगळ्यांच्या शेवटी घेतलं जायचं. कधी दिवस मावळला की ‘उद्या या’ म्हणायचे. आई आणि पोरगा डोक्यावर तेच धान घेऊन परत, आणि घरी उखळात कुटायचं. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही इंजिन बंद असताना, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. पण त्यामुळे आमच्या गिरणीत जेवायची वेळ, आजारपण, पाहुणे, काहीही आलं तरी कोणाला परत पाठवलं जात नसे. अंगात ताप असताना बाबांना हलरसमोर उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. लोक त्यांना मान द्यायचे तो ह्यासाठी. मायच्या जिवाला मात्र त्याचा ताप व्हायचा. ताटावरून उठून गेलेल्या माणसाचा भात झाकून ठेवून ठेवून ती कंटाळली होती.

दादा ह्या नियमात मोठा झाला आणि त्याला त्याचा कंटाळा आला होता. पण इंजिनवर त्याचा जीव होता. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, नोझल खराब झाली की व्हॉल्व सैल झाला. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली ती इंजिनसाठीच. त्याचा एक वर्गमित्र रायपूरला एका गॅरेजमध्ये लागला होता आणि दर दिवाळीला येऊन दादाला म्हणायचा, चल माझ्यासंगं. दादा हसायचा. गेला नाही. कारण त्याला वाटायचं ही गिरणी आपली आहे, तीच वाढवू. त्या सुमारास सडकेवर गावातल्या एका शेटनं विजेची गिरणी टाकली. तिथे धूर नाही, हॅन्डल नाही, बटण दाबलं की सुरू. लाइन, म्हणजे वीज, असली तर. आमच्याकडे लाइन असण्यापेक्षा नसायची जास्त, म्हणून लोक अजून आमच्याकडे येत होते. पण एका हंगामात आपलं इंजिन बंद पडलं तर लोक तिकडे जातील आणि एकदा गेले की गेले, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

दिवाळी झाली, नवं धान घराघरांत आलं, आणि नेमकं त्याच दिवसांत ते झालं. इंजिनच्या डोक्यावर बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जाड, जड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. आत डिझेल पेटतं ते त्याच्याखाली, दोन्ही व्हॉल्व त्यातच बसवलेले, आणि हेड तापून फुटू नये म्हणून त्याच्या पोटातून पाणी फिरत असतं. आमचं पाणी शेडमधल्या एका ड्रममधून रबरी नळीनं यायचं. त्या दिवशी दादा लग्नाला वारासिवनीला गेला होता. नळीत कोंढ्याचा गाळ अडकला आणि पाणी यायचं थांबलं. हेड तापलं, निळा रंग करपून त्याचा घाण वास सुटला. दादा असता तर त्यानं इंजिन बंद करून थंड होऊ दिलं असतं. बाबांनाही हे माहीत नव्हतं असं नाही. पण एका म्हातारीचं धान अर्धं हलरमध्ये होतं आणि तिच्यामागे बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विहिरीवरून बादली आणली आणि तापलेल्या हेडवर ओतली. वाफेचा लोट उठला. म्हातारीचं धान पूर्ण निघालं. त्यानंतर इंजिन खोकत खोकत बंद पडलं, ते सुरू होईना.

दादानं आल्यावर हेड खोललं. अंगणात पोत्यावर उलटं ठेवून राकेलनं पुसलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग रात्रीच्या भाताला बसलो तेव्हा म्हणाला, “दोन्ही व्हॉल्वच्या मधात तडा गेला. हे डागून टिकनार नाही, बाबा. नवं हेडच टाका लागते.”

बाबा म्हणाले, “बीड आहे ते. बिडाले डाग बसते. तुमसरचा कादर मिस्त्री मिलच्या मोठमोठ्या इंजिनाचे हेड डागून देते.”

“देते. पन टिकते का? त्या जागी सारी आग लागते. आज डागलं, उद्या उलते.”

“नवं कायच्या भरवशावर आनाचं?”

दादानं घास खाली ठेवला आणि म्हणाला, “बांधी विका.”

मायचा वाढणारा हात तिथेच थांबला. आंबागडच्या वाटेवर आमची एक बांधी होती, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. एकच होतं. बाबांच्या वडिलांनी घेतलेलं, घराण्यातलं पहिलं. चिन्नोर तिथलंच. माय त्या चिखलात परे, म्हणजे धानाची रोपं, लावायला उतरायची तेव्हा तिच्या तोंडून गाणं यायचं, एरवी कधी येत नसे. बाबांनी दादाकडे असं पाहिलं की जणू त्यानं मायलाच विकायला सांगितलं. दादाही मागे हटला नाही. तो म्हणाला, “मी ह्या फुटक्या हेडावर जिंदगी नाही काढनार. नवं आनत असान तं मी राहीन, गिरनी चालवीन. नाही तं रायपूरले जातो. मले बोलावूनच राहिले ते.”

इंजिन बंद असल्यामुळे हे सगळं हळू आवाजात चाललं होतं, आणि मला ते जास्त भयंकर वाटलं. आमच्या घराला हळू आवाजाची सवय नव्हती.

तोडगा मायनं काढला. ती म्हणाली, “एकदा डागून पाहा. जमलं तं जमलं. नाही जमलं तं बांधी विकू, माझं काही म्हननं नाही. पन हेडाले हात मिलिंदच लावन. तुमी लावाचा नाही जी.” बाबांनी मान हलवली. दादानंही हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यानं ते मायसाठी कबूल केलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. वाटलं, मिटलं.

तुमसरला मीही गेले, कारण मला चष्मा लागला होता आणि चष्म्याच्या निमित्तानं तुमसर बघायला मिळणार होतं. कादर मिस्त्रीचं वर्कशॉप एका उसना, म्हणजे उकड्या, तांदळाच्या मिलच्या मागे होतं. तिथे तुसाच्या राखेचे ढीग पडलेले. मिस्त्री माणूस मोठा बोलका, तोंडात सतत खर्रा, आणि स्वतःवर बेहद्द खूश. हेड उलटंपालटं करून म्हणाला, “हो जाएगा. गॅरंटी माझ्या वेल्डिंगची. तुमच्या हेडाची नाही.” आणि स्वतःच हसला. दादानं विचारलं, “नवं टाकलेलं बरं नाही का?” मिस्त्री म्हणाला, “बरं तं आहेच. नवी बायको पन बरीच राहते.” पुन्हा हसला. बाबांनाही हसू आलं. दादाला आलं नाही. आज मला वाटतं, त्या माणसानं त्या दिवशी थोडं कमी हसून नीट उत्तर दिलं असतं तर फार उपकार झाले असते.

त्यानं कोळशाची भट्टी पेटवली, हेड त्यात लाल होईपर्यंत तापवलं, गॅसच्या ज्योतीनं बिडाची कांडी वितळवून तड्यात भरली, आणि तसंच धगधगतं हेड गरम राखेनं भरलेल्या अर्ध्या ड्रममध्ये पुरलं. वरून आणखी राख लोटली. तुसाची राख गरमी धरून ठेवते. त्यात हेड अगदी सावकाश निवलं पाहिजे, नाहीतर डाग दिलेली जागा ओढली जाऊन पुन्हा तडकते. एवढं सांगताना मात्र मिस्त्री हसला नाही. “परवापर्यंत हात लावू नका. मंग काढा, अन् मडक्यासारखं थंडगार लागलं तरच बाहेर ठेवा.” ड्रम त्याच्याकडेच ठेवायचा होता, पण गावचा एक ट्रॅक्टर मिलमध्ये धान टाकून रिकामा परत निघाला होता आणि बाबांना तो सोडवेना. आम्ही ड्रमसकट हेड ट्रॉलीत घातलं. मी ड्रमला टेकून बसले. थंडीचे दिवस होते, पाठ छान शेकली. बाबा वाटेत त्या ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते, “परवापासून गिरनी सुरू. सांगून देजो साऱ्याइले.”

तो ड्रम अंगणात ठेवला आणि घराला एक नवं पाहुणं आल्यासारखं झालं. मांजर रात्रभर त्याच्या अंगाला चिकटून झोपली. कोंबड्या भोवती घुटमळल्या. माय येता-जाता हात लावून बघत होती. हेड बसवायला तांब्याचं नवं गॅस्केट, म्हणजे हेडखाली घालायची पातळ चकती, लागणार होतं, ते तुमसरला मिळालं नाही, म्हणून दादा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं गोंदियाला निघाला. जाताना ड्रमवर थाप मारून म्हणाला, “मी आल्यावरच काढू. माझ्याबिगर नाही.” बाबा दात घासत होते. त्यांनी हूं केलं.

ऊन अंगणात उतरायच्या आत कौतिकाबाई आली. आमच्याच वस्तीतली, बाबांच्या आईच्या बरोबरीची. तिच्या नातीला बघायला दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते आणि घरात तांदूळ नव्हता, धानच होतं. तिनं टोपली शेडच्या दारात ठेवली, तिथेच बसली आणि बाबांना विचारलं, “जमन का जी आज?”

“उद्या जमन, काकी.”

“उद्या तं पाहुने हाजिर. शेटच्या गिरनीत नेऊ का मंग? लाइन हाय म्हनते तिकडं आज.”

ती साधी विचारत होती. तिच्या मनात काही नव्हतं. म्हातारीला तांदूळ पाहिजे होता. पण बाबांचा चेहरा असा झाला की मी आत जाऊन मायला बोलवायला निघाले, तर माय विहिरीवर. परत आले तोवर बाबांनी फावडं घेऊन राख ओढायला सुरुवात केली होती.

मी म्हटलं, “बाबा, दादानं नाही म्हनलं ना.”

“निवलं असन.”

“मिस्त्रीनं उद्या सांगतलं.”

“मिस्त्री सांगतच राहते. हात लावून पाह्य तू.”

मी राखेत हात घातला. म्हटलं, “गरम आहे.”

“कोमट आहे,” बाबा म्हणाले.

“गरम आहे, बाबा.”

“अवो, कोमट आहे. कोमट म्हनजे निवल्यातच जमा.” आणि त्यांनी दोन पोती हाताला गुंडाळून हेड बाहेर काढलं, उचलून शेडमध्ये इंजिनच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. ओटा सिमेंटचा, दवानं गार पडलेला. त्यांनी पोती झटकली, कौतिकाबाईकडे वळून ‘होते आता’ असं म्हणायला तोंड उघडलं, आणि हेडमधून आवाज आला. मोठा नाही. स्टीलच्या पेल्याला कोणी नखानं टिचकी मारावी तेवढाच.

“काय वाजलं जी?” कौतिकाबाईनं विचारलं.

“काही नाही,” बाबा म्हणाले. मग त्यांनी जे केलं ते मला अजून बघवत नाही. हेड पुन्हा उचललं, ड्रममध्ये नेऊन ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्यावर राख लोटली. फावड्यानं नाही, हातांनी, चांगली थापून. तान्ह्या लेकराला पांघरुण घालतात तसं. कौतिकाबाई थोडा वेळ बसली आणि टोपली उचलून सडकेच्या बाजूला गेली. बाबांनी तिला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

दुपारी उन्हं कलल्यावर दादा गॅस्केट घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळून, छातीशी धरून आणलं होतं, कुठे वाकू नये म्हणून. ड्रमभोवती सांडलेली राख त्यानं पाहिली, ओट्यावरचा राखेचा गोल ठसा पाहिला. हेड काढलं, उलटं केलं, राकेल लावलं, कोरडं पुसलं आणि मला म्हणाला, “वैशू, खडू आन.” मी दप्तरातून खडू आणून दिला. त्यानं डाग दिलेल्या जागेवर खडू घासला आणि आम्ही सगळे बघत उभे राहिलो. तड्यात राकेल मुरलेलं असलं की ते हळूहळू वर येतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. आधी काही दिसेना. मी मनात म्हणत होते, नको दिसू दे. मग रेघ आली. डागाच्या अगदी कडेनं, केसासारखी बारीक, एका व्हॉल्वपासून दुसऱ्यापर्यंत.

“तुमी काढलं होतं का राखेतून?” दादानं विचारलं.

बाबा म्हणाले, “कौतिकाबाई बसली होती.”

“कौतिकाबाई बसली होती,” दादा म्हणाला.

माय मधे पडली. “झालं ते झालं. बोललो होतो तसं करा. बांधी विका अन् नवं आना.” तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. मला वाटतं, ती विहिरीवरून आली तेव्हाच तिला समजलं होतं आणि तेव्हापासून ती मनाची तयारी करत होती. आता बाबांनी फक्त हो म्हणायचं होतं. एवढंच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, दादाही बघत होता. बाबा त्या खडूवरच्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, “आनखी एकदा डागून पाहू. ह्या बारीले पुरं निवू देऊ.”

दादानं गॅस्केट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं, ड्रमच्या काठावर ठेवलं आणि हात धुवायला गेला. जेवला. मायनं वांग्याची भाजी केली होती, ती त्यानं दोनदा मागून घेतली. त्यामुळे मला वाटलं, राग गेला. सकाळी मी उठले तेव्हा तो पिशवी भरून बाहेर उभा होता आणि माय त्याच्या पिशवीत तांदळाच्या भाकरी घालत होती. तिला वाटत होतं, चार-आठ दिवसांनी येईल. बाबा शेडमध्ये होते, बाहेर आले नाहीत. दादानं शेडकडे तोंड करून “जातो, बाबा” म्हटलं. आतून आवाज आला नाही. बस वळणावर थांबली, तो चढला. तेवढंच. तो आम्हाला पुन्हा दिसला नाही.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. तो रायपूरच्या त्या गॅरेजमध्ये होता, मग तिथून गेला. कोणी म्हणे ट्रकवर आहे, कोणी म्हणे ओडिशात त्यानं घर केलं. बाबा शोधायला जाऊन आले, मी नोकरीला लागल्यावर मी जाऊन आले. जो सापडू नये म्हणून गेला आहे त्याला शोधता येत नाही, हे मला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून कळलं. माझा जावई इंजिनिअर आहे. त्याला एकदा मी सगळं सांगितलं आणि विचारलं, कोणाचं बरोबर होतं? तो म्हणाला, तिथला तडा डागून फार काळ टिकत नाही, आई, बदलायलाच पाहिजे होतं. मी म्हटलं, राखेत पूर्ण निवलं असतं तरी? तो म्हणाला, तरी. मग मला बाबांचा राग यायला पाहिजे होता. आला तो दादाचा. अरे, तुला माहीत होतं ना तो नियम कुठून आला ते. चार दिवस थांबला असतास. पण मग मला ते ‘आनखी एकदा’ आठवतं आणि बाबांचाही राग येतो. सत्तरी जवळ आली तरी मी ह्या दोघांमध्ये उभीच आहे, आणि दोघंही माझं ऐकायला नाहीत.

आणि चार दिवसांनी खरंच बाबांनी बांधी विकली. कोणी सांगितलं नाही. सकाळी उठून गेले आणि सौदा करून आले. माय भात गाळत होती, तिनं मान वर केली नाही. नवं हेड नागपूरहून आलं, लाकडी खोक्यात, तेलकट कागदात. दादानं आणलेलंच गॅस्केट घालून बाबांनी ते एकट्यानं बसवलं. मी पाने हातात देत होते. मला कळत नव्हतं ह्यांना कोणता पाना पाहिजे, त्यांनाही एकेकदा कळत नव्हतं. दादा न बघता हात पुढे करायचा आणि बरोबर पाना उचलायचा. संध्याकाळी बाबांनी हॅन्डल मारलं. त्यांच्यानं होईना, मी आणि मायनंही हात लावला. इंजिन एकदम सुरू झालं, असं गोड, असं सरळ, की इतक्या वर्षांत तसं चाललं नव्हतं. घर पुन्हा थरथरायला लागलं. बाबांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्या आवाजात ओरडून काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही.

पहिल्या दिवशी दोघी-तिघी आल्या. नंतर कोणी नाही. लोकांना शेटच्या गिरणीची सवय झाली होती, आणि त्या वर्षी नेमकी लाइन बरी होती. कौतिकाबाई वाटेत भेटली की नजर चुकवायची, बिचारी. तरी बाबा रोज संध्याकाळी इंजिन सुरू करायचे. तुमसरची शेवटची बस यायच्या आधी. पट्टा न चढवता, नुसतंच. रिकामं चाक फिरायचं आणि बाबा शेडच्या दारात सडकेकडे तोंड करून उभे. आम्ही विचारलं नाही. आवाज पार वळणापर्यंत जायचा, आणि इंजिनचा आवाज ओळखणारं माणूस बसमध्ये असलं तर त्याला कळलं असतं की हेड नवं आहे. डिझेल जात होतं, बांधी तर गेलीच होती, आणि घरात त्या वर्षी पहिल्यांदा विकतचा तांदूळ आला. माय तो निवडत बसायची, खडे काढायची.

एका संध्याकाळी ती सूप खाली ठेवून उठली, शेडमध्ये गेली आणि डिझेलचा कॉक बंद केला. नळीत उरलेल्या डिझेलवर इंजिन थोडा वेळ चाललं, मग धाप लागल्यासारखं मंद झालं आणि थांबलं. बाबा वळले. इतक्या वर्षांत मायनं इंजिनला असा हात लावला नव्हता.

“काहून बंद केलं?” बाबा म्हणाले. “सडकेवरी आयकू जाते.”

“जाते,” माय म्हणाली. “पन मले बस आयकू येत नाही जी. मी रोज आतमधी कान देऊन बसतो, तुमच्या ह्या आवाजात बस थांबली का तशीच गेली, काही समजत नाही. थांबली असन अन् आपल्याले समजलंच नसन तं?”

बाबा ओट्यावर बसले, माय त्यांच्या शेजारी बसली, आणि मी दारात उभी राहिले. थोड्या वेळानं नाकाडोंगरीच्या बाजूनं बसचा उजेड आला. वळणावर ड्रायव्हरनं गिअर बदलला, तेही ऐकू आलं. बस थांबली नाही.